कपाटाच्या दाराएवढं पोस्टर

एडिटरताई कुणालाही नुसता प्रश्न विचारत नसे. आधी समोरच्या मुलीच्या हातात सुई-दोरा द्यायची, मांडीत ओंजळभर शेवंती टाकायची आणि म्हणायची, "ओव." थोडी फुलं ओवून झाली, की हवापाण्याचं बोलावं तशा सुरात विचारायची, "तुमच्याकडे गाण्यांचं चॅनेल लागलं की टीव्ही कोण बंद करतं गं?" आणि शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी जिची पाचावर धारण बसायची, अशी मुलगीसुद्धा भाऊ, काका, आजोबा सगळ्यांचा पाढा वाचून मोकळी व्हायची.

तिचं खरं नाव शालिनी. तिच्या वडिलांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या दादांनी, चेष्टेत 'एडिटर' म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही मुलींनी ते मनापासून उचललं. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा होता आणि मळ्याच्या बांधाला लागून आमची नवी कॉलनी. शाळा सुटली की आम्ही चार-पाच जणी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गजरे करायला जायचो. सकाळी ते गजरे पंचवटीच्या फुलबाजारात जात. घरी आम्ही सांगायचो, तेवढाच वरखर्च सुटतो. खरं कारण शेडमधला टेपरेकॉर्डर. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, केबल नुकती घरोघर पोचली होती, आणि सिनेमात नसलेली, ज्यांना सगळे 'पॉप' म्हणत ती गाणी आमच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती. घरी ती ऐकायची चोरी. शेडमध्ये मात्र दादांच्या देखत वाजायची आणि दादा टोपली खाली ठेवत म्हणायचे, "एडिटर, तुझं पुस्तक निघंल तवा निघंल. आधी त्या बाईला हळू वरडायला सांग. लय कान किटले माझे."

हे पुस्तक म्हणजे मासिक. पॉप गाण्यांचं, मराठीतलं आणि फक्त तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी. एडिटरताई बी.कॉम. होऊन पंचवटीतल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायची. लग्नपत्रिका, आरत्यांची पुस्तकं, द्राक्षबागायतदारांचं मासिक, बालवाडीच्या चित्रांच्या वह्या, सगळं तिच्या हाताखालून जायचं. एकदा गजऱ्याला गाठ मारता मारता ती म्हणाली, "द्राक्षाला मासिक आहे, देवाला आहे, बारक्या पोरांना आहे, नवऱ्याला आवडणाऱ्या भाज्यांना आहे. तेरा ते अठराच्या पोरींना काहीच नाही. लोकांना वाटतं, तेवढी वर्षं पोरी झोपलेल्याच असतात." मला ते वाक्य इतकं पटलं, की घरी जाऊन मी ते आईला ऐकवलं. आई म्हणाली, तेवढी वर्षं अभ्यास करायचा असतो.

मासिक काढायचं तर मुलींना काय हवंय ते कळायला हवं, म्हणून ताई सुरुवातीला एका शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. नीट साडी, खांद्याला पर्स. "तुला कोणती गाणी आवडतात?" असं विचारलं की मुली एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "भक्तिगीतं." एकीनं तर 'सामान्यज्ञान' सांगितलं. ताई हात हलवत परत आली आणि शेडमध्ये बसकण मारून म्हणाली, "नाशिकमधल्या सगळ्या पोरी संत होणार आहेत, असं दिसतंय." त्यानंतर सुई-दोऱ्याची युक्ती निघाली. तिचं म्हणणं, तोंडाकडे बघत विचारलं की पोरी आईला द्यायचं उत्तर देतात, फुलांकडे बघत असल्या की खरं बोलतात.

या खऱ्या बोलण्यातूनच तिला पोस्टरचा शोध लागला. मासिकाच्या मधल्या पानावर गायकाचं मोठं पोस्टर द्यायचं, मुली ते काढून भिंतीवर लावतील, अशी तिची कल्पना होती. पण ओवता ओवता आमच्यातली एक म्हणाली, "पोस्टर चांगलंय ताई, पण भिंत कुठून आणू?" मग हळदीकुंकवाचे गजरे पोचवायच्या निमित्तानं ताई घरोघर फिरली. आमच्या घरी आली तेव्हा गजरे आईच्या हातात देऊन चारही भिंती न्याहाळत बसली. एका भिंतीवर देव, दुसऱ्या भिंतीवर हार घातलेले आजोबा, तिसरीवर सहकारी बँकेचं कॅलेंडर आणि माझ्या भावाचं स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र, चौथीला खिडकी. तिनं हळूच विचारलं, "तुझं काय कुठे आहे?" मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि लोखंडी कपाटातल्या माझ्या कप्प्याचं छोटं दार उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातून कापलेला एका गायकाचा फोटो होता, माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. ताईनं पर्समधून गजऱ्याचा पांढरा दोरा काढला, दाराला उभा-आडवा लावला आणि दोन गाठी मारल्या, एक उंचीची, एक रुंदीची. अशा गाठी तिनं प्रत्येकीच्या घरी वेगळ्या दोऱ्याला मारल्या होत्या. कुणाची जागा कपाटात, कुणाची पत्र्याच्या पेटीच्या झाकणात, एकीची शिलाई मशीनच्या झाकणात. उघड्यावरची भिंत एकीलाही नव्हती.

तेव्हा ठरलं, की पोस्टर माझ्या कपाटातल्या त्या छोट्या दाराएवढं असेल, कारण सगळ्यांत लहान माप तेच होतं, आणि अंक दहावीच्या गाइडमध्ये लपेल एवढा. छापखान्याचे मालक म्हणाले, असल्या मापात कागद वाया जातो. ताई म्हणाली, "मोठ्या मापात पोरी वाया जातात." नावावरून शेडमध्ये रणकंदन झालं. दादांनी 'निशिगंध' सुचवलं, तिच्या आईनं 'मोगरा'. ताईनं हात जोडले, फुलं घरात पुरेशी आहेत म्हणाली. शेवटी 'धडधड' ठरलं. गोरं कसं व्हावं हे सांगणारं सदर असावं, असं मी म्हणाले, तर ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. माझा रंग सावळा. मी पुढच्या बैठकीत विषय काढला नाही, आणि कोण जाणे का, त्या दिवसापासून घरच्या आरशाशीही माझं जरा बरं जमायला लागलं.

पहिल्या अंकासाठी मुलाखत हवी होती. मुंबईची एक गायिका कॉलेज रोडला कार्यक्रमाला आली, तेव्हा ताई गजऱ्यांची परडी घेऊन थेट मेकअपच्या खोलीत शिरली. फुलवालीला कोण अडवणार? आम्ही बाहेर सायकली धरून उभ्या. नंतर तिनं सांगितलं, की गायिका आधी हो-नाहीच्या पुढे जाईना. मग ताईनं तिच्याही हातात सुई दिली. मोठी गायिका, पण ओवता ओवता म्हणाली, की पहिली कॅसेट निघाली तेव्हा ती महिनाभर उशीखाली ठेवली होती, वडिलांना दाखवायचं धाडस नव्हतं. ताईचा चेहरा त्या संध्याकाळी मी पाहिला आहे. सायकलवर मागे बसून ती सगळ्या रस्त्याभर बोलत होती, आणि ती बोलतेय म्हणजे आता मासिक निघणारच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

छपाईचा मुहूर्त दसऱ्याचा धरला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तिच्या आईनं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मालक तेव्हा काही कामानं येवल्याला गेले होते. निरोप ठेवला आणि काम झालं असं आम्ही धरून चाललो. मळेवाल्यांच्या घरात दसऱ्याला काय असतं ते आम्हाला दिसत होतं तरी सुचलं नाही. नवमीपासून सगळा मळा झेंडूत बुडाला. आम्हीही तोरणं ओवत होतो. ताईच्या हाताला झेंडूचा पिवळा रंग कोपरापर्यंत चढला होता. दसऱ्याच्या दुपारी बाजार उरकून ती तशीच, हातही न धुता, छापखान्यात पोचली. मी बरोबर होते. छापखान्यात चिटपाखरू नव्हतं. यंत्र पुसून लख्ख केलेलं, त्याला हळदकुंकू, समोर नारळ आणि गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. मालक पेढा देत म्हणाले, "आज यंत्राला कुणी हात लावतं का, शालिनी? आज त्याची पूजा."

इतकी वर्षं तिथं काम करून तिला हे माहीत नव्हतं, कारण दसऱ्याच्या दिवशी ती कधी छापखान्यात आलीच नव्हती. ती झेंडूतच असायची. तिनं यंत्राच्या गळ्यातला हार हातात घेऊन पाहिला. म्हणाली, "आमच्याच मळ्यातला आहे." आणि हसली. मी मात्र रस्त्यात रडले.

एका दिवसानं काय बिघडणार होतं? पण दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची कामं लागली, मग नव्या वर्षाची कॅलेंडरं, मग लग्नसराई. 'धडधड' रोज एकेका पत्रिकेच्या मागे जात राहिलं. तुळशीचं लग्न झालं आणि ताईला नामपूरचं स्थळ आलं. माणसं चांगली, कांद्याचा व्यापार. बघायच्या कार्यक्रमात तिनं मुलाला विचारलं, लग्नानंतर मासिक काढलं तर चालेल का? तो म्हणाला, "काढा की." मला आजही वाटतं, त्यानं नाही म्हणायला हवं होतं. कुणी आडवं आलं असतं तर ताई भांडली असती, आणि भांडणात ती कुणाला ऐकणारी नव्हती. सगळे 'काढा की' म्हणाले आणि तिचे दिवस मात्र दुसऱ्याच कामांनी भरत गेले. स्वतःची लग्नपत्रिका तिनं स्वतःच कॉम्प्युटरवर लावली. अक्षरं सुंदर होती.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही शेडमध्ये तिच्यासाठी गजरे ओवत होतो. टेपरेकॉर्डर चालू होता, पण गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तो ठरलेल्या मापाचा दोन गाठींचा दोरा माझ्या हातात गुंडाळला. "सांभाळ. परत मापं घ्यायला लागू नयेत," म्हणाली. परत म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी शिकले, नोकरीला लागले, गंगापूर रोडला स्वतःचा लहानसा फ्लॅट घेतला. कॅसेटची दुकानं बंद झाली, मोबाइल आले. एकदा ऑफिसच्या कामानं सटाण्याला गेले होते, तिथून एसटीनं पुढे नामपूर गाठलं. दारात तिच्या सासूबाईंनी मला खालवर न्याहाळलं. "नाशिकनी शे का तू? बस, माय." मागून ताई आली. अंगानं भरलेली, केसांत पांढरी रेघ. मला बघून एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की कांद्याच्या ट्रॅक्टरवरची माणसं वळून बघायला लागली.

चहा होतोय तोवर तिनं मला आतल्या खोलीत नेलं. एका भिंतीवर देव, एका भिंतीवर सासरे. आणि दारासमोरची सगळ्यात मोठी, चांगल्या उजेडाची भिंत तिच्या मुलीची. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल. "या भिंतीला घरात कुणी खिळा मारायचा नाही, मी सोडून," मुलीनं मला बजावलं. "आईनं सांगितलंय सगळ्यांना." मी डोळे भरून ती भिंत पाहिली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नुसते क्रिकेटवाले. एकही गायक नाही.

ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. "गाण्याचं नावसुद्धा काढत नाही कार्टी," ती म्हणाली. "आपल्या विचारपूस करण्यात हे कुठे आलं होतं गं?" आम्ही हसलो. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले आणि धुळीला शिव्या दिल्या.

दुपारी परसात बसलो. तिनं चार वाफे शेवंतीचे ठेवले होते, सवय जात नाही म्हणाली. मी नोकरी, ट्रॅफिक, आईचं गुडघेदुखीचं असलं काहीबाही सांगत होते. तिनं मध्येच माझ्या हातात सुई-दोरा दिला, मांडीत फुलं टाकली. "ओव."

मी ओवायला लागले. थोड्या वेळानं ती सहज म्हणाली, "आता तर सगळं घरच तुझं. भिंतींवर काय लावलंस?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि मग, फुलांकडे बघत होते म्हणून असेल, खरं सांगून टाकलं. भिंती सगळ्या कोऱ्या आहेत. पण नवीन कपाट घेताना दुकानात दार उघडून मी आतून तो दोरा लावून बघते. आधीचं कपाट घेतानाही बघितला होता. दोन्ही गाठी बसल्या तरच घेते. आतली जागा रिकामी ठेवली आहे. तिथं दुसरं काही लावत नाही.

 माझ्या हातातला अर्धा गजरा घेऊन तिनं तो पुरा केला, दातानं दोरा तोडला.

"किती मोठं दार आहे ते?" तिनं विचारलं.

मी हातानं दाखवलं.

"बरोबर आहे," एडिटरताई म्हणाली. "पोस्टर तेवढंच ठेवलं होतं आपण."