विहिणीसमोरचं दुखणं

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला जवळजवळ दुखलंच नाही, असं अकोल्यातले बरेच लोक मानतात. हे लोक मला पहिल्याच दिवशी भेटून गेले होते.

मी अमरावतीची. ऑपरेशन अकोल्यात केलं, कारण मुलगी रश्मी तिथे दिलेली. तयारी माझी चोख होती. चार्जर, नॅपकिन, रिपोर्ट, सैल गाऊन, सगळं यादीप्रमाणे भरून त्यावर खुणा केल्या. (माणूस घाबरला की याद्या करतो. माझ्या घरात याद्यांनी एक ड्रॉवर भरला आहे.) डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "भूल उतरली की दुखेल. दुखायला लागलं की लगेच सांगा. अंगावर काढलं तर मग आवरत नाही." सांगण्यात मी कमी पडणार नव्हते. सुई पाहिली तरी माझे तळपाय गार पडतात.

पण खोलीत आणलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवर रश्मीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, डबा घेऊन बसल्या होत्या.

"रश्मीले ऑफिस हाय. मी हावो ना इथं. तुमी बिनघोर राहा जी."

आता मुलीच्या सासूसमोर कण्हायचं कसं? मी विव्हळले, तर उद्या रश्मीचं डोकं दुखेल तेव्हा त्या म्हणतील, आईवर गेली. त्यामुळे भूल उतरली, गुडघ्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवायला लागलं, आणि मी विहीणबाईंकडे पाहून हसले.

सिस्टर आल्या. "काकू, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

नऊ दुखत होतं. दहा मी मरणासाठी राखून ठेवलं होतं.

"दोन," मी म्हणाले. (शून्य म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.)

"दोनच?" विहीणबाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "बाप्पा! मले तं नुसता जिना चढतानी सात रायते."

त्यांनी लगेच फोन लावला. "अवो, येऊन पाहा. आमच्या अमरावतीच्या विहीणबाई. गुडघा कापला तरी हासून रायल्या." संध्याकाळपर्यंत त्यांच्या भिशीच्या सगळ्या बायका मला पाहून गेल्या. प्रत्येकीने संत्री आणली आणि प्रत्येकीने विचारलं, "खरंच नाई दुखत?" मी मान हलवायची. घाम कपाळावरून उशीवर गळत होता. विहीणबाईंनी पंखा वाढवला.

एकदा विहीणबाई खुर्चीतून फोनवर बोलत असताना सिस्टर पलंगाशी आल्या. मी भुवया उडवून खुणावलं. त्यांनी समजूतदारपणे बेडपॅन आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खूश. "दोन? छान. मग इंजेक्शनची गरज नाही, गोळीवर भागेल. आणि आज उभं करू." बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात विहीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, माह्याबी गुडघ्याची तारीख लिवा. इतकी वर्षं भेव वाटे. विहीणबाईनं भेव काढलं माह्यं."

ऑफिसला जाता जाता डोकावलेल्या रश्मीचे डोळे भरून आले. सासूला राजी करता करता ती थकली होती. तिने माझा हात असा दाबला, की मला तोंड मिटावं लागलं. खरं सांगावं तर विहीणबाई पळणार. नाही सांगावं तर माझ्या खोट्यावर विसंबून त्या बिचाऱ्या टेबलावर चढणार. गुडघ्यापेक्षा मला आता त्यांचीच धास्ती वाटायला लागली.

तेवढ्यात व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम वॉकर घेऊन आल्या. "चला काकू, तुम्हाला तर दुखतच नाही." त्यांनी माझा पाय पलंगावरून खाली सोडला आणि गुडघा वाकवला.

विहीणबाईंशी मी कायम पुस्तकी मराठी बोलत आले होते. ती सगळी एका क्षणात संपली.

"अवो माय वो! मेली ना वो मी! सोड ना वं बाई मले!"

हाताला येईल ते मी धरलं. तो विहीणबाईंचा अंबाडा निघाला.

"दोन नाही," मी अंबाडा न सोडता म्हणाले. "कालपासून नऊ आहे."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमच्यासमोर कसं सांगू?"

"घ्या!" विहीणबाईंनी एकेक बोट सोडवून अंबाडा परत मिळवला. "मी तुमच्या पोरीसमोर रोज कण्हतो. मले कोणाची लाज वाटली? सिस्टर, द्या वो इंजेक्शन. ह्या बाईले विचारत नका बसू."

इंजेक्शन लागलं. सळई हळूहळू थंड झाली. अर्ध्या तासाने विहीणबाई माझ्यावर वाकल्या. "आता किती?"

"तीन."

"खरं तीन, का विहिणीचं तीन?"

"खरं."

त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"म्हंजे दुखते," त्या म्हणाल्या, "पण बोंबललं का थांबवतेत. हे चालते मले. बोंबलाले मी कोणाले आयकत नाई." तारीख त्यांनी तशीच ठेवली.

त्यांच्या ऑपरेशनला मी काठी टेकत अमरावतीहून गेले आणि हट्टाने उशाशी बसले. भूल उतरायला लागली तशी विहीणबाईंनी अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरून सिस्टर धावत आल्या. औषध वेळेवर मिळालं, विहीणबाई घोरायला लागल्या. सिस्टरनी जाता जाता आम्हा दोघींचं बीपी मोजलं. विहीणबाईंचं अगदी व्यवस्थित निघालं. माझ्या गोळ्या तेव्हापासून चालू आहेत.