सिंगापूरच्या फाट्यापर्यंत

मी मेलबर्नला निघाले तेव्हा नागपूर विमानतळाच्या दारात बाबांनी माझी बॅग ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, "सिंगापूर म्हणजे आपला फाटाच समज. तिथून मुंबई साडेपाच तास. पुण्याच्या बसला याच्या दुपटीहून जास्त लागतात." आई पदराने नाक पुसत होती, ती हे ऐकून हसली. तेवढ्यात मी आत सटकले. थांबले असते तर गेलेच नसते.

आमचं गाव हायवेपासून आत. एसटी फाट्यावर सोडते, पुढे घरचं कोणीतरी स्कूटर घेऊन येतं. फाट्यावर पोचलं की माणूस घरी आलंच, अशी आमच्याकडची समजूत. त्यामुळे मेलबर्न ते सिंगापूर हे आठेक तास बाबांनी कधी धरलेच नाहीत. दर खेपेला मी सिंगापूरहून फोन करायची, फाट्यावर आले म्हणून. ते म्हणायचे, थांब, स्कूटर काढतो. वर्षानुवर्षं हा पांचट विनोद चालला, आणि खरं सांगते, त्याच्यावरच माझं भागत होतं. इकडे ऑस्ट्रेलियात आलेले तुम्ही सगळेही असंच काहीतरी धरून बसला असाल.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि आईला नागपुरात ऑक्सिजनवर ठेवलं. वॉर्डात कोणाला सोडत नव्हते. बाबा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसून. तिथून फोनवर म्हणाले, "तू सिंगापूरपर्यंत ये बेटा, पुढचं मी बघतो."

विनोद नव्हता तो. माणूस खरंच तसं समजून बसला होता. माझं डोकंच फिरलं. सिंगापुरात विमानतळाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, पुढचं विमान उडेल याचा भरवसा नाही, तुम्ही काय स्कूटर समुद्रावरून आणणार का, असं ताडताड बोलले.

देश सोडायला इकडच्या सरकारची परवानगी लागायची, ती आली. पण भारतातून परतणाऱ्यांना दार बंद झालं. आलात तर दंड, तुरुंगसुद्धा. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घरात मी बॅगेत कपडे भरत होते, पुन्हा काढत होते. नवरा म्हणाला, तू जा, मी सांभाळतो. आमची रुही सात वर्षांची, दारात उभी राहून विचारते, "मम्मा, विल दे लेट यू बॅक इन?" एरवी दिवसभर तोंडात असलेलं 'नो वरीज' मला म्हणता येईना. राहिले तर आई जाईल, गेले तर पोर कधी दिसेल कोण जाणे.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. नवऱ्याने त्यांना रुहीचं सांगितलं असावं. शांतपणे म्हणाले, "नको येऊ बेटा. तू तुझ्या घरीच राहा."

आजवर बाबा या चार बेडरूमच्या, लोन काढून बांधलेल्या घराला 'तुझी रूम' म्हणायचे. शिकायला गेलेल्या पोरीची असते तशी रूम. घर म्हणजे गावचंच. मी किती चिडायचे त्यावर! आता म्हणाले घर, आणि वाटलं, आपली पाठवणी लग्नात झालीच नव्हती, ती आज झाली. मी बॅग रिकामी केली.

आई वाचली. ऑक्सिजन काढल्यावरच्या पहिल्या व्हिडिओ कॉलवर, धापा टाकत, तिने विचारलं, "तुझ्या घरी सगळे बरे आहेत ना?" बाबांनीच पढवलं असणार. इतके दिवस न रडलेली मी तिच्यासमोर हमसून रडले.

"रूम म्हण गं, आई," मी म्हटलं. "रूमच म्हण."