शेवटच्या कडव्यातलं नाव

सौदीतल्या रास तनुराच्या आमच्या कामगार कॅम्पमध्ये कोकणातल्या माणसांचा एक बँड आहे. तो उभा केला एका पाइप फिटरने. शिक्षण आठवी, गावाकडे जाखडीच्या नाचात गाणारा. त्याने ढोलकीला बेंजो जोडला, बेंजोला परांच्या बांधणाऱ्या एका फिलिपिनो स्कॅफोल्डरचं गिटार जोडलं आणि जाखडीची चाल अशी पळवली की केरळचे लोकही ठेका धरू लागले. सगळे त्याला बुवा म्हणतात. दम्मामचे एक रत्नागिरीकर व्यापारी मोबाइलवर ऐकायचा रेडिओ चालवतात. त्यांनी शुक्रवारी जेवणानंतरचा एक तास बुवांना दिला आणि वर्षभरात पार हाइलहून फर्माइशी येऊ लागल्या.

गाणी मी लिहायचो, म्हणून बुवा मला मास्तर म्हणत. मी घरातला पहिला पदवीधर, इथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कंपनीची कागदपत्रं सांभाळणारा. तालुक्याच्या शाळेत ज्या सरांनी मला कविता समजावली, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. कार्यक्रमाचं निवेदनही माझ्याकडेच होतं आणि ते मी आठवडाभर घोटून लिहायचो. एकदा व्यापाऱ्यांनी एका श्रोत्याचा मेसेज सगळ्यांसमोर वाजवला. "त्या शिकलेल्या भावाला सांगा, भाषण झालं असेल तर बुवांना सोडा आता." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मला आजही त्याच आवाजात पाठ आहे.

त्यानंतर बुवांचं काहीच मला सहन होईना. मेसमध्ये लोक त्यांना जागा करून देत, तेही खुपे. शब्द माझे, आणि दाद मात्र त्यांच्या गळ्याला.

जाखडीत शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतात. बुवांचे गुरू गावी आहेत, म्हातारे, आणि दर शुक्रवारी नातवाच्या फोनवर कार्यक्रम ऐकतात. मी प्रत्येक गाण्यात त्यांचं नाव बसवत आलो होतो. एका शुक्रवारी मी त्या जागी माझं नाव लिहिलं आणि कागद सकाळीच बुवांच्या खोलीत ठेवून आलो. मला वाटलं, गाण्याच्या भरात ते गाऊन जातील. निदान एकदा तरी माझं नाव लोकांच्या कानावर पडेल. गुरूंना काय वाटेल, हे मनात आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

बुवा गायले. माझं नाव आलं तेव्हा त्यांनी आवाज मुद्दाम वर नेला. कोरसने ती ओळ तीनदा झेलली. ढोलकीवाला माझ्याकडे बघत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो आणि कागदात चूक झाली, असं पुटपुटलो.

"चूक कसली? सकाळीच वाचलं मी," बुवा म्हणाले. "मग गुरूंना फोन लावला. म्हटलं, मास्तरांना नाव हवंय, घेऊ का? म्हातारा म्हणाला, लिहितो त्याचं नाव घ्यायचं नाही तर कुणाचं घेतोस रे गाढवा?"

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही कुठं सांगितलंत, मास्तर?" एवढंच म्हणून ते गिटारवाल्याला जेवायला घेऊन गेले.

त्या दिवशी रेडिओवर नेहमीपेक्षा जास्त मेसेज आले. बुवांचं मन केवढं मोठं, आजकाल कोण असं दुसऱ्याचं नाव घेतो, असंच सगळे सांगत होते. मी कोण, हे एकानेही विचारलं नाही.

आता प्रत्येक गाण्यात दोन नावं असतात, आधी गुरूंचं, मग माझं. बुवांनीच तसं ठरवलं. माझे वडील माझं नाव आलेल्या त्या पहिल्या गाण्याचं रेकॉर्डिंग मागतात. मी ते अजून पाठवलेलं नाही. ऐकून ते म्हणतील, काय गातो रे हा माणूस.