पाळायला लावणाऱ्या बाई

भिंगारदिवे बाई आम्हाला नगरच्या लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायच्या. तासाच्या सुरुवातीला हजेरीऐवजी त्या, युद्धातही जखमींना नि दवाखान्यांना हात लावू नये असं सांगणाऱ्या जिनिव्हा कराराचं पहिलं कलम एकेकाला उभं राहून म्हणायला लावत: हा करार आम्ही पाळू आणि इतरांनाही पाळायला लावू. आम्ही पेंगत म्हणायचो. बाई मूळच्या तिसगावच्या, बोलणंही तिकडचंच. म्हणायच्या, "पाळणं सोपं हाय. आपल्याकडं कुठं तोफा हायेत? दुसऱ्याला पाळायला लावायचं, हे खरं काम."

पुढे मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायदा अधिकारी झालो. तिथे तोफगोळ्यांची कवचं बनत आणि परदेशी जात. निवृत्त झालेल्या बाई एका दुपारी गेटवर आल्या. आमचा माल घेणाऱ्या देशाचं सैन्य शेजारच्या देशातल्या दवाखान्यांवर गोळे टाकत होतं, त्याच्या बातम्यांची कात्रणं त्यांच्या पिशवीत होती. मी त्यांना चहा दिला आणि निर्यातीचे परवाने दाखवले. त्यांनी ते नीट वाचले.

"कागद बरोबर हायेत. गोळा कुठं पडतो, ते मालकाला इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं, पुढेही विचारलं नाही.

ही निर्यात थांबवा म्हणून बाईंनी हायकोर्टात अर्ज केला. कारखान्याचं उत्तर मी लिहिलं. दवाखान्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. अर्जदार निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्यांचं काहीही नुकसान झालेलं नाही, सबब त्यांना दाद मागण्याचा अधिकार नाही, एवढंच होतं. जिनिव्हा करार पाळण्याचं बंधन साऱ्या जगाशी असतं, म्हणून ते मोडलं की कुणीही जाब विचारू शकतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्यामुळे कोर्टात नेमकं काय खोडायचं, ते मला ठाऊक होतं. अर्ज फेटाळला गेला.

निकाल ऐकायला बाई कोर्टात एसटीने आल्या होत्या. मी भीत भीत कंपनीच्या गाडीतून सोडतो म्हणालो, तर त्या बसल्या. वाटेत माझ्या मुलीची चौकशी केली, निकालाचं नाव काढलं नाही. घरापाशी उतरल्यावर दार धरून उभ्या राहिल्या.

"मसुदा चांगला लिवलास. माझंच शिकवायचं काईतरी चुकलं असंल."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेवढं एक वाक्य मला म्हणता आलं नाही. ड्रायव्हर ऐकत होता. महिन्याभरात बाई गेल्या. मी अजून त्याच कारखान्यात आहे.