सुतकातला चहा

मी निघाले त्या दिवशी अण्णा हळदीच्या वखारीतून तसेच मिरज स्टेशनवर आले होते. सांगलीच्या बाजारात जन्मभर हळदीची पोती तोलून त्यांच्या एकूण एक सदऱ्याला पिवळी झाक आली होती. "रोज उठून नवरदेव," असं म्हणत आई ते सदरे आपटायची. दादा, तू माझी बॅग बर्थखाली ढकलत होतास आणि ती जात नव्हती म्हणून बॅगेलाच शिव्या घालत होतास. आई रडत होती. अण्णा डब्याच्या दाराशी उभे होते. "येळंवर जेवत जा," एवढंच बोलले. गाडी हलली तरी दांडा सोडेनात, तेव्हा तू त्यांना मागे ओढलंस.

आदल्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. पोरगी नर्स होऊन सौदीला चालली, ही काय लहान गोष्ट होती? वाईट वाटून घ्यायला कुणाला सवडच नव्हती.

आता अण्णा नाहीत आणि त्यांच्या सुतकातल्या एका संध्याकाळपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, दहाव्याला आले तेव्हाही नाही. फोन केला की वहिनी उचलते. म्हणून हे लिहितेय. तुझ्यासाठी, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन बसलेल्या सगळ्यांसाठी. तुला ऐकू आलं त्यापेक्षा त्या संध्याकाळी पुष्कळ जास्त घडलं होतं.

त्यासाठी आधी नोरा कोण ते सांगायला हवं. धाहरानच्या दवाखान्यात ती माझ्या वॉर्डातली सिनियर नर्स, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. पहिल्याच आठवड्यात मी बोलता बोलता तिला "तुम्ही इंग्रज लोक" म्हणून गेले. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. "ते तुमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी आमच्या उरावर येऊन बसले होते," ती म्हणाली, "पुन्हा असं म्हणालीस तर तुझी ड्युटी रमजानभर रात्रीची." त्या दिवसापासून आमचं जमलं.

आणि जमण्यासारखं होतंच. ती सुट्टीवरून येताना बॅग भरून चहापत्ती आणते आणि आपल्यासारखाच दूध घातलेला, कडक चहा पिते. नवीन माणूस भेटलं की नाव विचारून तिचं भागत नाही. गाव कुठलं, आई कुणाकडची, अमक्याचे तुम्ही कोण, असं करत ती ओळखीचं एक तरी माणूस काढतेच. आपल्या आईला इथे आणून सोडली असती तर दोघींनी मिळून अख्खं धाहरान एकमेकांचं नातलग करून टाकलं असतं.

तिची भाषा मात्र हरवली. तिच्या खापरपणजीच्या गळ्यात शाळेत जाताना काठी अडकवत. आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, आणि जेवढ्या खाचा तेवढे मास्तरांचे फटके. पुढे लोकांनी आपणहूनच मुलांना इंग्रजी शिकवली, कारण मुलं बोटीने अमेरिकेला जायची होती. नोरा शाळेत आयरिश शिकली, पण "मला त्या भाषेत भांडता येत नाही," असं ती म्हणते.

तिच्या आजीने तिला सांगितलेली एक गोष्ट तिने मला कॅन्टीनमध्ये सांगितली होती. पूर्वी गावातलं कुणी अमेरिकेला निघालं की त्याच्या घरी, मयताच्या घरी जमतात तशीच माणसं जमत. खाणं, नाच, गप्पा, मग बायकांचं गळा काढून रडणं. गेलेलं माणूस पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे, म्हणून त्याचं जे काय करायचं ते जिवंतपणीच उरकून घेत. मला आपले पेढे आठवले.

अण्णा गेले तेव्हा तू फोनवर म्हणालास, "दिवस मावळायच्या आत न्यायला पायजे." दमामच्या विमानतळावरून मुंबई आणि तिथून मिरज, मी काही पोचणार नव्हते. मी एकदाच म्हणाले, "थांबता येईल का?" तू फोन भाच्याच्या हातात दिलास. नेताना त्याने व्हिडिओ लावून धरला, त्यात मला अण्णांचे पाय दिसले आणि बाकी माणसांच्या पाठी. नोराने विचारलं, "तुझ्यासाठी थांबले नाहीत?" तिच्याकडे घरात दोन दिवस ठेवतात, लांबची पोरं पोचेपर्यंत. आपल्यात थांबत नाहीत, हे मी तिला सांगितलं. पण सांगताना तुझा राग आला, दादा. खरं तेच लिहिते.

रजा दहाव्यापुरतीच मिळाली. त्याच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, नोरा आमच्या दारात उभी राहिली. हातात सँडविचचा मोठा ट्रे, मनुकांचा केक, बगलेत चहाचा डबा. लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक, तरी मी आणि माझा नवरा संदीप पुरे दहा दिवस पाळत होतो. आपल्याकडे मयताच्या घरी कुणी पाणीसुद्धा मागत नाही, आणि ही बया सरळ स्वयंपाकघरात जाऊन किटली शोधायला लागली. मग तिने हॉलची खिडकी उघडली. "त्यांच्या आत्म्याला जायला वाट नको का?" बाहेरची धूळ आणि धग आत आली. संदीपने एसीकडे बघून खिडकी लावली, तिने पुन्हा उघडली. तो पुन्हा उठला नाही.

चहाचा कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "सांग त्यांच्याबद्दल. वाईटसुद्धा सांग."

मी काय सांगणार? गेलेल्या माणसाबद्दल आपण "फार चांगले होते" म्हणतो आणि गप्प बसतो. पण ती हलेना. मग मी हळदीच्या सदऱ्यांचं सांगितलं. तुझ्या लग्नात अण्णा वरातीच्या घोड्याला घाबरून बँडवाल्यांच्या मागे लपले होते, ते सांगितलं. सांगता सांगता मला हसू फुटलं. संदीपलाही फुटलं. नोरा तर डोळे पुसत हसत होती. नेमका तेव्हाच तुझा फोन आला.

"कोण हसतंय तितं?" तू म्हणालास. "बाप मेलाय आपला. लाज हाय का न्हाई?" आणि फोन ठेवलास.

त्यानंतरचं तुला माहीत नाही.

मी फोन खाली ठेवला. नोराला मराठी कळत नाही, पण फोनवरचा तुझा सूर कळायला भाषा लागत नव्हती. तिने माझ्या मुलीकडे, सईकडे वळून हलकेच विचारलं, "आणि तुझे आजोबा तुला कसे वाटायचे?"

सई इथेच जन्मली, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकते. मी सोपं मराठी बोलते, तेवढं तिला कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ह्याचं अण्णांना कोण कौतुक होतं! "नात विंग्रजीत बोलती," असं वखारीत सांगत फिरायचे, हे तूच मला सांगितलंस. तिच्या गळ्यात कुणी काठी अडकवली नव्हती, दादा. आपण सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या होत्या.

"आय डोन्ट नो," सई म्हणाली. "आय लाइक्ड हिम. पण मला त्यांचं गावाकडचं बोलणं कळायचं नाही. ते दर वेळी मला एकच विचारायचे, आणि मी म्हणायचे, आय ॲम फाइन, अण्णा." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "व्हॉट वॉज ही आस्किंग, मम्मा?"

मी तिला अण्णांच्याच शब्दांत सांगितलं, "कवा येनार हायस, बाळा?" आणि मग इंग्रजीत अर्थ सांगितला.

तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "ही आस्क्ड व्हेन," ती म्हणाली, "अँड आय सेड फाइन?" आणि रडायला लागली. मला वाटतं, अण्णा गेल्यावर आमच्या घरात मोठ्याने रडलेली ती पहिलीच. मग मीही रडले, आईसारखी, गळा काढून. नोरा मला थोपटत राहिली आणि उगी म्हणाली नाही.

लोक मला विचारतात, आता घर कुठलं वाटतं, मिरज की धाहरान? "कवा येनार" असं विचारणारं माणूस जिथे बसलेलं असतं, ते घर. आई विचारत नाही. ती म्हणते, "सवडीनं ये, तुमची कामं असत्यात." आणि तू तर फोनच उचलत नाहीस.

रडणं ओसरल्यावर सईने विचारलं, "मग मी काय म्हणायला हवं होतं?"

नोरासुद्धा माझ्याकडे बघत होती. तिची म्हातारी आईही तिला "कधी येणार" असंच विचारते. मी उठून चहाचे कप गोळा केले, दादा. सईला निदान त्यांची भाषा येत नव्हती. मला येत होती, आणि मी इतकी वर्षं त्यांना एवढंच म्हणत आले होते, "बघू, अण्णा."