अल्जीरियातलं आमचं सौंदड

सीझन संपला की वाटतं, सुटलो, डोकं रिकामं झालं. मग चहाला बसल्यावर कोणीतरी म्हणतं, "मॅडम, तो हेडफोनचा किस्सा सांगा ना!" आणि लक्षात येतं, रिकामं कसलं, डोक्यात नुसती अडगळ साचली आहे.

आधी काम सांगते. गोंदियात एका मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस. तिथे आम्ही अल्जीरियाच्या फुटबॉल लीगच्या मॅच बघतो. हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून! परदेशातली एक कंपनी चार-पाच दिवस जुनी रेकॉर्डिंग पाठवते. पास झाला, बटण दाबा. फाऊल झाला, बटण दाबा. एका मॅचला दोन माणसं, प्रत्येकाकडे एक टीम. संध्याकाळी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावची एसटी पकडून डोळे मिटले तरी हिरवं मैदानच दिसतं. हल्ली तर कंटाळा आला म्हणायचाही कंटाळा येतो.

*

तिथल्या क्लबांची नावं आमच्या तोंडात बसेनात. म्हणून आम्ही टीमना आपापल्या गावांची नावं दिली. माझी टीम गोरेगाव. बाजूच्या खुर्चीवरच्या पटलेची चोरखमारा. आणि कापगते काकांची सौंदड.

एकदा एसटीत पटलेला म्हटलं, "गोरेगाव आज फारच वाईट खेळलं रे. सौंदडनं धुतलं."

पुढच्या सीटवरचे आजोबा वळले. "कोनत्या ग्राउंडवर जी? मी तं गोरेगावातच होतो!"

पटले म्हणाला, "अल्जीरियात."

आजोबांनी आमच्याकडे नीट पाहिलं, पिशवी उचलली आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले.

*

तो हेडफोनचा किस्सा असा. एक दिवस पटलेच्या मॅचला आवाजच नाही. त्याने हेडफोन बदलला, वायरी उपसल्या, शेवटी खालच्या दुकानातल्या मेकॅनिकला वर आणलं. तो बिचारा भर मेमध्ये टेबलाखाली शिरला. कूलर बंद, वर बिसेन सरांची कटकट. बिसेन सर आमचे सुपरवायझर. घड्याळ बघतच ते जन्मले असावेत.

अर्ध्या तासाने मेकॅनिक घामाघूम होऊन बाहेर आला. हेडफोन कानाला लावून म्हणाला, "सर, सीटी की आवाज तो आ रही है. पब्लिक ही नहीं है!"

खरंच. मागच्या मॅचला राडा झाला होता म्हणून ही मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवली होती. पटलेने अर्धी मॅच संपवली होती, पण खुर्च्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही हसलो, पण खरं सांगू? मीही पाहिलं नसतं.

*

शून्य-शून्यची मॅच ही आमच्या धंद्यातली शिक्षा. अशाच एका मॅचला जेवणानंतर पटलेचं डोकं हळूच कीबोर्डवर टेकलं. नेमकं कॉर्नरच्या बटणावर. तो उठेपर्यंत चोरखमाराने इतके कॉर्नर घेतले होते, की तेवढे त्यांच्या बापजाद्यांनी घेतले नसतील. फाईल तशीच गेली!

कंपनीचं उत्तर आलं. या आठवड्यातली सगळ्यात आक्रमक टीम म्हणून चोरखमाराचं कौतुक.

बिसेन सरांनी मेल वाचला, पटलेकडे बघितलं आणि थकून म्हणाले, "जागा राहून तं कधी एवढा चांगला रिपोर्ट नाही दिला तू."

*

आता कापगते काका. भातगिरणी बंद पडली म्हणून साठीच्या उंबरठ्यावर ते आमच्याकडे आले. सौंदडहून रोज ट्रेनने. फुटबॉल म्हणजे काय ते इथेच कळलं त्यांना. घरी दोघंच, मुलगी रायपूरला दिलेली. लकव्याने काकूंचा एक हात आणि एक पाय गेला आहे, त्या खाटेवरच असतात. "पहिले आमच्या दोघांत बोलाले काही उरलंच नव्हतं," ते एकदा म्हणाले. "आता मी पायरीवर पाय ठेवला का ती आतूनच विचारते, आज आपलं सौंदड काय म्हनते?"

त्या टीमच्या डाव्या बाजूच्या डिफेंडरला काकूंनी जावईबापू नाव ठेवलं होतं. कारण तो एकदा पुढे गेला की मानपान झाल्याशिवाय परत येत नाही!

एकदा काका कपाळाला कुंकू लावून आले. देवीला नारळ फोडून आले होते, सौंदड जिंकावं म्हणून.

मी म्हटलं, "काका, मॅच शुक्रवारीच संपली. आज मंगळवार आहे."

"तं काय झालं? मी मंगळवारी मांगनार हे देवाले शुक्रवारी मालूम नसन काय?"

सौंदड ती मॅच जिंकलं होतं.

*

पण सीझनच्या शेवटी सौंदड पार तळाला आलं. तळाच्या टीम खालच्या लीगमध्ये जातात, आणि खालच्या लीगचं काम आमच्याकडे येत नाही. म्हणजे टीम खाली गेली की काकांच्या स्क्रीनवरून गेली आणि काकूंच्या खाटेपासूनही गेली. शेवटची मॅच माझ्या गोरेगावशी. वाचायला बरोबरी पुरेशी होती.

तिचं रेकॉर्डिंग आलं त्या शुक्रवारी काका काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. माझ्या टीमचं काम मी त्या दिवशी उरकलं. मॅच संपल्यावर हेडफोन काढला. पटलेने माझं तोंड बघितलं आणि त्यालाही कळलं. बिसेन सरांनाही. निकाल आधी सांगायचा नाही, हा ऑफिसचा नियम. त्या दिवशी नियम नसता तरी कोणी सांगितलं नसतं.

शनिवारी काका आले. पटलेने कूलरसमोरची खुर्ची त्यांना दिली. मी चहा मागवला. बिसेन सर घड्याळाकडे न बघता म्हणाले, "सावकाश करा काका, काही घाई नाही."

दुपारपर्यंत सौंदड एका गोलने मागे. मॅच संपत आली आणि सौंदडला पेनल्टी मिळाली. जावईबापूंनी बॉल ठेवला, चार पावलं मागे आले. काकांनी व्हिडिओ थांबवला आणि डबा पिशवीत भरायला लागले.

बिसेन सरांना राहवलं नाही. "काका, दोन मिनिटांचं काम आहे. अख्ख्या अल्जीरियाला माहीत झालंय!"

"अल्जीरियाले मालूम राहू द्या जी. माह्या घरी अजून मालूम नाही."

मग त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सालभर मले या ऑफिसात कोनी कूलरसमोर बसू नाही दिलं," ते म्हणाले. "सकाळीच समजलं मले."

काकांनी चपला घातल्या, स्क्रीन तशीच चालू ठेवली आणि दारातून वळून म्हणाले, "सोमवारी पाहतो. आज ती विचारन, तं सांगतो, पेनल्टी भेटली."