उशी कुणीकडे?

गेल्या रविवारी वारंगा फाट्यावर वाहन घेण्यास गेलो होतो. तेथे जे घडले ते आठवून मला अजून हसू येत आहे...

वाहन साधे नव्हते. आत पलंग, ओटा, संडास... चाकांवरचे घरच म्हणा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूख फिरत आणि तांड्याचे बिऱ्हाड त्यांच्यासोबत चाले. त्यामुळे अशा वाहनाची पारख मला करता येईल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

हे सर्व आमच्या सौभाग्यवती गंगाबाई यांच्यासाठी चालले होते. त्यांना समुद्र पाहण्याची फार इच्छा आहे. परंतु परक्या अंथरुणावर त्यांचा डोळा लागत नाही. लेकीच्या घरीसुद्धा त्या रात्र बसून काढतात... त्यामुळे आमची प्रत्येक सहल ठरून मोडली. गुडघे साथ देत आहेत तोवर त्यांना समुद्र दाखवावा, एवढेच माझ्या मनात होते.

गॅरेजवाले सलीमभाई यांनी दोन जुने टेम्पो आतून नव्याने बांधले होते. मी टायर दाबून पाहिले, वाकून चेसिस पाहिली, इंजिनाला कान लावला. चिरंजीव विजय याने पंखे व दिवे तपासले. लहान टेम्पोत मला ताठ उभे राहता येईना, म्हणून तो तत्काळ बाद केला. मोठा पसंत झाला...

सौभाग्यवती तोपर्यंत लिंबाखाली खुर्चीवर बसून होत्या. त्यांना केवळ रीत म्हणून बोलावले. त्या आत चढल्या, गादीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "उशी कुणीकडं?"

"ड्रायव्हरच्या बाजूनं, आजी," सलीमभाई म्हणाले.

त्यांनी उन्हाकडे पाहून दिशेचा अंदाज घेतला. "म्हंजी उत्तरंला डोकं? मेल्यावर करा तसं. एवढी काहून घाई झाली तुमाला?"

सलीमभाईंनी उशी दुसऱ्या टोकाला ठेवली.

"अन् तिकडं संडासाचं दार हाय की! त्याला डोकं टेकवू का?"

"आई, आता कोण बघतं हे?" विजय म्हणाला.

"मग तूच झोप त्याच्यात. मी न्हाई येत."

त्या उतरून पुन्हा लिंबाखाली जाऊन बसल्या. माझा चेहरा पडला... समुद्र पुन्हा लांब गेला.

इतक्यात हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक दुरुस्तीसाठी आत येऊ लागला. त्याला वाट देण्यासाठी सलीमभाईंनी आमचा टेम्पो वळवून, तोंड फिरवून उभा केला.

"थांबा!" लिंबाखालून आवाज आला. "आता डायवरकडं उशी ठेवली तर डोकं दक्षिणंला येतं का न्हाई?"

घर, घर म्हणता म्हणता त्याला चाके आहेत हेच आम्ही तिघेही विसरून गेलो होतो...

"तिघं तिघं शाणी माणसं! घर फिरून राहिलंय, अन् तुमी उशी फिरवून राहिले व्हय?" सौभाग्यवती हसत हसत पुन्हा आत चढल्या.

"बराबर आहे, आजी," सलीमभाईही हसू लागले. "जिथं जासाल तिथं दिशा बघून गाडी लावायची. काही तकलीफ न्हाई."

पाठ टेकून पाहते, असे म्हणून त्या पलंगावर आडव्या झाल्या. मी बाहेरून दोन गोष्टी विचारल्या. पहिलीला हुंकार आला, दुसरीला काहीच नाही... डोकावून पाहिले, तर तोंडावर पदर घेऊन त्या गाढ झोपल्या होत्या! परक्या गावी, परक्या गादीवर, भर दुपारी.

विजय काही बोलणार, तोच मी ओठांवर बोट ठेवले. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या कारागिराला सलीमभाईंनी हाताने खूण केली. त्याने हातोडा खाली ठेवला आणि तोही आमच्याबरोबर चहा घेत बसला. कोणी मोठ्याने बोलले नाही.

व्यवहार सौभाग्यवती जाग्या होईपर्यंत थांबला. त्या कारागिराचे नाव विचारायचे राहून गेले... त्याचे काम खोळंबले, तरी त्याने एकदाही हातोड्याकडे पाहिले नाही. त्याचे मनःपूर्वक आभार.